उष्टं पाणी

१

आदल्या दिवशी दाढ काढली होती, म्हणून एमरी टिडवेल त्या शनिवारी तलावावर गेला नाही. गाल सुजला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून तो गळाला लावायची रबरी गांडुळं निवडत बसला होता. जांभळी एका डब्यात, काळी दुसऱ्यात, हिरवी वेगळी. उन्हाळ्यात हे करावंच लागतं. एकत्र राहिली की उष्म्याने एकाचा रंग दुसऱ्याला लागतो, आणि मग कुठल्याच माशाला ती खरी वाटत नाहीत. बाहेर अलाबामाचं जुलैतलं ऊन होतं. झाडांवरचे किडे करवत चालवल्यासारखे एका सुरात ओरडत होते.

फोन वाजला. दर शनिवारी त्याच्याबरोबर मासे धरणाऱ्या हॉइटची बायको आर्डिथ बोलत होती.

"एमरी, हॉइट तुझ्याकडे आलाय का रे?"

"नाही. का गं?"

"जेवायला येतो म्हणाला होता. टोमॅटो कापून ठेवलेत, पाव मऊ पडायला लागलाय. म्हटलं, तुझ्या दाढेची चौकशी करायला थांबला असेल."

"चौकशी कसली, खिदळायला थांबला असेल म्हण."

ती हसली. तोही हसला, आणि गाल ठणकला. "धक्क्यावर कुणाला तरी पकडून गोष्टी सांगत बसला असेल," तो म्हणाला. "तू जेवून घे. त्याचा टोमॅटो त्याला शिळा मिळू दे."

दुसरा फोन आला तेव्हा निवडायचं काम संपत आलं होतं. धक्क्यावरच्या दुकानाचा मालक ओडेल होता, आणि नेहमी ओरडून बोलणारा ओडेल हळू बोलत होता.

"मास्तर, हॉइटची पत्र्याची होडी सापडलीय. जुन्या नदीच्या वळणावर. इंजिन चालू आहे, आणि होडी आपली स्वतःभोवती गोल गोल फिरतेय. आत कुणी नाही."

एमरीच्या हातात एक जांभळं गांडूळ होतं. ते कुठल्या डब्यात टाकायचं, हे त्याला बराच वेळ आठवेना.

२

ओकोना हा मुळात तलाव नव्हेच. धरण बांधलं तेव्हा पाण्याखाली एक अख्खं खोरं गेलं. त्यातली नदी, शेतं, आणि गावाकडे जाणारा खडीचा रस्ता. वरून सगळं सपाट दिसतं. मासे मात्र अजून त्या रस्त्याने जातात आणि नदीच्या काठाकाठाने फिरतात. बास मासा पकडणाऱ्याला वरचा तलाव कळून उपयोग नाही, खालचा कळावा लागतो.

शोधपथकाने आठवडाभर तळ खरवडला. पाणबुडे उतरले, वर आले आणि मान हलवत राहिले. पथकाचा प्रमुख ब्रॅनन कधीकाळी एमरीच्या हाताखाली शाळेत सुतारकाम शिकला होता.

"मिस्टर एमरी, खरं सांगू का? एवढ्या उन्हात माणूस दोन-तीन दिवसांत वर येतो. पण तिथे खाली पाणी बर्फासारखं आहे. बर्फात ठेवलेली वस्तू फुगत नाही. राहिला तर तो खालीच राहील."

"म्हणजे तुम्ही थांबताय."

"थांबत नाही हो. पण रोज यायचं म्हटलं तर माणसं कुठून आणू?" त्याने टोपी काढून पुन्हा घातली. "आर्डिथबाईंना तुम्हीच सांगाल का?"

आर्डिथने ऐकून घेतलं. चर्चमधल्या बायकांनी आणून दिलेल्या झाकलेल्या भांड्यांनी तिचं टेबल भरलं होतं. तिने एकाही भांड्याचं झाकण उघडलं नव्हतं.

"पाद्रीबाबा म्हणाले, प्रार्थना करून टाकू. दफनाचं नंतर बघू." तिचा आवाज कोरडा होता. "नंतर म्हणजे कधी? रिकामी पेटी पुरायची नाही मला, एमरी. माझ्या आईबापांच्या शेजारची जागा आहे त्याची. दर मे महिन्यात तिथलं गवत काढते मी. त्या जागेत तो हवा. हाडं असली तरी चालतील, पण तोच हवा."

"हं."

"तुझ्याइतका तो तलाव कुणाला ठाऊक आहे? तूच शोध."

"आणतो," एमरी म्हणाला.

३

बासच्या होडीत दोन खुर्च्या असतात, एक नाकावर आणि एक शेपटीकडे. पुढचा माणूस पायाने विजेची छोटी मोटर चालवतो. होडी कुठे जाणार ते तो ठरवतो, आणि अस्पर्श पाण्यात पहिला गळ त्याचाच पडतो. मागच्याच्या वाट्याला येतं ते पुढच्याने चाळून झालेलं पाणी. हॉइट त्याला उष्टं पाणी म्हणायचा. वीसेक वर्षं त्याने एमरीचं उष्टं खाल्लं, आणि बहुतेक वेळा मोठा मासा त्याचाच असायचा.

"मास्तर, तू नुसत्या कड्या वाजवत पुढे पळतोस," तो मागून म्हणायचा. जन्मभर टपाल वाटलेला माणूस. "आतला बिचारा चप्पल शोधून दारात येतो, तोवर तू पुढच्या गल्लीत. मी आपला उंबऱ्याशी उभा असतो."

एमरीला घाईचं आमिष आवडायचं. लाकडाचा खोटा मासा, ओढला की थरथरत खोल बुडी मारणारा. हॉइट जांभळं गांडूळ सोडून कुठल्या आमिषाला हात लावायचा नाही. तळाशी सोडायचं, दोन हिसडे द्यायचे आणि थांबायचं. एक अख्खी जांभई देऊन होईपर्यंत थांबायचं. मग पुन्हा दोन हिसडे.

पुढच्याने मागे वळून बघू नये असा काही नियम नाही. पण नाकावर उभ्या माणसाचे डोळे पाण्यात, पाय मोटरीवर. तो कशाला वळेल? त्यामुळे एमरीचं मोडलेलं लग्न असो, हॉइटचं दुखणं असो, त्या दोघांत जे काही बोलणं झालं ते सगळं पाठीमागून झालं. आता झोप लागेना तेव्हा एमरीच्या लक्षात आलं की हॉइटचा चेहरा काही केल्या नीट समोर येत नाही. येत होता तो गळाच्या रिळाचा 'कट्' असा आवाज, आणि त्यानंतरची शांतता.

४

एमरी आपल्या होडीतून एकट्याने निघाला तेव्हा उजाडत होतं आणि पाण्यावर वाफ होती. उन्हाळ्याची रीत ठरलेली असते. पहाटे मासा काठच्या गवताशी उथळात येतो. ऊन चढलं की खोल जातो आणि जिथे सावली असेल तिथे जाऊन राहतो. मेलेल्या माणसाला ही रीत लागू नाही, हे एमरीला कळत होतं. पण दुसरी कुठलीच रीत त्याला येत नव्हती. म्हणून त्याने जड शिसं लावून दोर सोडला आणि तळ चाचपत निघाला. चिखल लागला की दोर गुळगुळीत येतो, खडी लागली की टकटकतो, लाकूड लागलं की अडखळतो. माणूस लागला तर कसं लागेल, हे त्याला ठाऊक नव्हतं.

गवताच्या कडेला एक जांभळं गांडूळ तरंगत होतं. शेपूट तुटलेलं. त्याने ते उचललं आणि परत टाकलं. असली गांडुळं अर्धा जिल्हा वापरतो.

बऱ्याच वेळाने त्याला दुसरी एक गोष्ट जाणवली. हॉइट नसला की होडीचं नाक खाली जायचं, कारण हॉइट अडीचशे पौंडांचा. एकटा निघाला की एमरी मागच्या खुर्चीपाशी पाण्याचा मोठा कॅन भरून ठेवायचा. आज तो कॅन विसरला होता. धक्क्यावर, नळाखाली राहिला होता. तरी होडी सपाट होती.

मासे ठेवायच्या मागच्या टाकीत पाणी राहिलं असेल, त्याने स्वतःला सांगितलं. मागे जाऊन झाकण उघडून बघायला किती वेळ लागला असता? त्याने मोटरीवरचा पाय काढला नाही.

सकाळी उशिरा समोरून एक होडी आली. अनोळखी माणूस, बहुधा टेनेसीकडचा. जवळून जाताना त्याने वेग कमी केला आणि रिवाजाप्रमाणे हात वर केला. एमरीनेही केला. त्या माणसाने हात खाली घेतला आणि थोडा डावीकडे बघून पुन्हा वर केला.

दोघं असले की असाच नमस्कार करतात. पुढच्याला एक, मागच्याला एक.

माशी असेल, एमरीने ठरवलं. या दिवसांत घोडमाश्या फार असतात.

धक्क्यावर आल्यावर त्याने मागची टाकी उघडली. आतून उन्हाचा वास आला. टाकी ठणठणीत कोरडी होती.

ओडेल दुकानाच्या पायरीवर शेंगदाणे खात बसला होता.

"काही लागलं का, मास्तर?"

"मासे नाही धरत मी, ओडेल."

"ते ठाऊक आहे हो." ओडेलने त्याच्याकडे निरखून बघितलं. "एक सांगू? एकट्याने नका जात जाऊ. म्हणत असाल तर मी येतो मागे बसायला."

"नको," एमरी म्हणाला. जरा जास्तच पटकन म्हणाला. "मागे जागा नाही."

ओडेलच्या हातातले शेंगदाणे हातातच राहिले.

५

बुडालेल्या रस्त्याखालून एक मोरी जाते. दुपारी सगळ्या तलावात तिच्यासारखी दाट सावली दुसरीकडे नाही. हॉइट दुपारचा डबा तिथेच खायचा. होडी गोल फिरत होती ते वळण इथून चांगलं मैलभर दूर. हॉइट इथे असायचं काही कारण नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आल्यावर एमरीने होडी मोरीवर आणली.

नाकाजवळ खोली दाखवणाऱ्या यंत्राचा पडदा होता. खाली रस्ता दिसत होता, कडक पिवळी रेघ. त्याच्या वर थोड्या अंतरावर एक धूसर पट्टा. भर उन्हाळ्यात पाण्याचे असे दोन थर पडतात. पट्ट्याच्या खालचं पाणी थंड आणि मेलेलं. तिथे श्वास नाही, म्हणून मासा त्याखाली जात नाही.

पट्ट्याच्या जरा वर पडद्यावर एक रेघ उमटायला लागली. जाड आणि लांब.

ओंडका, एमरीला वाटलं. पण त्या यंत्राचा स्वभाव तो जाणून होता. होडी पुढे सरकली की खालची वस्तू मागे पडते आणि पडद्यावर तिची कमान उमटते. रेघ सरळ उमटत राहते ती फक्त होडी थांबलेली असली तर. किंवा ती वस्तू होडीबरोबर चालत असली तर.

होडी थांबलेली नव्हती.

त्याने उजवीकडे वळण घेतलं. रेघ सरळच राहिली. त्याने मोटर वाढवली, मोरी सोडली आणि उघड्या पाण्यात आला. पडद्यावरून रस्ता निघून गेला, तळ खोल गेला, पण रेघ होती तिथेच होती, होडीच्या मागच्या अर्ध्याखाली.

घाबरायचं कारण नाही, तो स्वतःला समजावत होता. उन्हाळ्यात मोठा बास होडीच्या सावलीत येऊन राहतो, तिच्याबरोबर चालतोसुद्धा. पण एवढा लांब बास नसतो. बरं, तो हॉइट असेल, कुठेतरी दोरात अडकून ओढला जात असेल, तर त्याने खाली जायला हवं होतं, थंड पाण्यात. ब्रॅननही हेच म्हणाला होता. ज्याला श्वास लागत नाही त्याने त्या पट्ट्याच्या वर राहायचं काय कारण?

या प्रश्नाचं उत्तर शोधत तो पडद्याकडे बघत राहिला. त्याचा दोर पाण्याबाहेर कोरडा लोंबत होता. होडीला कुठेही काही अडकलेलं नव्हतं.

६

त्याने मोटर बंद केली. वारा अजिबात नव्हता. काठावरचे किडेसुद्धा इथवर ऐकू येत नव्हते.

मागे रीळ वाजलं. कट्.

मग त्याच्या उजव्या खांद्यावरून 'सूं' करत काहीतरी गेलं आणि पुढच्या पाण्यात डुबुक् असा आवाज झाला. तिथून एक वर्तुळ निघालं आणि पसरत होडीपर्यंत आलं. उन्हात क्षणभर दोर चमकला. ओला, जाड, जुन्या पद्धतीचा. वर्तुळाच्या मध्यातून निघून, एमरीच्या कोपरापासून वीतभर अंतरावरून तो मागे गेला होता. त्यावरून थेंब खाली पडत होते. दोराच्या कडेने नजर मागे नेली असती तर तो कुठे संपतो ते दिसलं असतं.

एमरीने नजर वर्तुळावर ठेवली.

दोर ताणला गेला. दोन हिसडे. मग तो सैल पडला. एमरीच्या छातीत काहीतरी मोजायला लागलं, आणि एक अख्खी जांभई देऊन होईल एवढ्या वेळाने पुन्हा दोन हिसडे आले.

भीती वाटत होती. पण भीतीच्या खाली, गरम पाण्यावर थंड पाणी असावं तसं उलटंपालटं, दुसरं काहीतरी होतं. गेल्या कित्येक दिवसांत घरी पंखा आणि फ्रिज सोडला तर कुणी त्याच्याजवळ आवाज केला नव्हता.

"जांभळंच का?" त्याने विचारलं. आवाज घोगरा निघाला. "दुसरा रंग लावून बघायचा नाही म्हणजे नाहीच?"

होडी मागच्या बाजूला किंचित दबली आणि सरळ झाली, जसा उभा माणूस एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतो. आणि वास आला. मेलेल्याचा नव्हे. खोल पाण्याचा, गार लोखंडाचा.

खिशातला फोन वाजला तेव्हा तो दचकून पडणारच होता.

"एमरी?" आर्डिथ होती. "उन्हात आहेस ना अजून? पाणी पितोस का?"

"पितो."

"काही दिसलं?"

यंत्रावर एक बटण असतं. ते दाबलं की जागेची खूण कायमची राहते, आणि मग ब्रॅननची माणसं तिथे सरळ येऊ शकतात. एमरीचं बोट त्या बटणावर होतं. कधी ठेवलं, ते त्याला कळलं नव्हतं. आणि त्याला एकदम समजलं, माणसं येतील, आकडे टाकतील, काय असेल ते ओढून वर काढतील आणि पांढऱ्या कापडात गुंडाळून घेऊन जातील. आर्डिथच्या आईबापांशेजारी ती जागा भरेल. सगळं जसं व्हायला हवं तसं होईल. आणि त्यानंतरच्या शनिवारी होडीचं नाक खाली जाईल.

पाण्यावरचा दोर हलायचा थांबला होता. वाट बघितल्यासारखा.

"नाही," तो म्हणाला. "काही नाही."

७

सप्टेंबर लागला तसा आर्डिथने त्याला एका रविवारी चर्चनंतर जेवायला बोलावलं. तळलेली कोंबडी होती, मक्याचा पाव होता, आणि शेवटचे टोमॅटो. ती वाळली होती. खिडकीपाशी हॉइटची खुर्ची होती. तिच्यावर तिने घड्या घालून त्याचे कपडे ठेवले होते, वर गडद निळा सूट. पेटीत घालायचा.

"ब्रॅनन आला होता," ती म्हणाली. "म्हणाला, थंडी पडली की तलावाचं पाणी उलटतं. खालचं वर येतं. तेव्हा काही असलं तर वर येईल म्हणाला. खरं का रे?"

"पाणी उलटतं खरं."

"मग येईल?"

एमरीने पावाचा तुकडा मोडला. "सांगता येत नाही."

"तू उन्हाने काळा पडलास अगदी." तिने त्याच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला. "ओडेल सांगत होता, एक दिवस चुकवत नाहीस म्हणून. पहाटे जातोस आणि संध्याकाळी येतोस. म्हणाला, काठावरून ऐकलं तर वाटतं कुणाशी तरी बोलतोयस. हसतोयससुद्धा."

"ओडेलला कानाचं यंत्र घ्यायला सांग."

ती हसली नाही. टेबलावरून हात पुढे करून तिने त्याच्या मनगटावर ठेवला. तिचा हात कोरडा आणि उबदार होता.

"बस कर आता, एमरी. पुष्कळ केलंस. सख्ख्या भावाने केलं नसतं. मी रिकामी पेटी पुरेन. पाद्रीबाबांना तसं सांगते. तू घरी राहा, जरा विसावा घे."

"उद्या एकदा जाऊन येतो," तो म्हणाला.

"तुझे उपकार कसे फेडू रे मी?"

तिचे डोळे भरून आले. एमरीने खाली बघितलं. मोरी, रस्ता, पट्ट्याच्या वरची ती रेघ, कुठल्या वेळी ती कुठे असते, सकाळी गवताशी किती जवळ येते, हे सगळं त्याच्या ओठांशी आलं होतं. त्याने ताट स्वच्छ केलं, पाव छान झालाय म्हणाला आणि टोपी घेऊन उठला.

आर्डिथने रिकाम्या पेटीचं नक्की केलं. दफनाच्या दिवशी हॉइटच्या आप्तांबरोबर एमरीनेही पेटीला खांदा दिला. तिला काहीच वजन नव्हतं.

आर्डिथला त्याने अजून सांगितलेलं नाही.